कुंचल्यावर उभारलेला संसार : हेलन अ‍ॅलिंगहॅम

घरातील मुलीचा हात चित्रकलेत चांगला असला म्हणजे तिचे कौतुक होतेच. चैत्रगौरीची आरास असो, रुखवत असो की शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ असो, पहिली हाक तिलाच जाते. पण चित्रे काढूनच चरितार्थ चालवायचा असे त्याच मुलीने उद्या ठरवले, तर कौतुक करणाऱ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. छंद म्हणून चित्रकला फार चांगली, पोटाचा उद्योग म्हणून मात्र नको, असा आपला शिरस्ता. हा शिरस्ता केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातही तो असाच होता. तेथील सुखवस्तू घरांतून मुलींना जलरंगांची चित्रे मुद्दाम शिकवीत. जसे थोडे पियानोवादन, थोडे भरतकाम, तशीच थोडी चित्रकला. मुलीच्या अंगी एक शोभेचा गुण असावा, इतकाच त्यामागचा हेतू. त्या चित्रांचे दाम घ्यावे, त्यावर घर चालवावे, ही गोष्ट कुलीनपणाला शोभणारी मानीत नसत.

अशा काळात एका बाईने हेच नाजूक समजले जाणारे जलरंग हाती घेतले आणि जन्मभर ते एखाद्या कसबी कारागिराच्या नेटाने चालवले. त्यावर ती आधी स्वतःच्या पायावर उभी राहिली, मग तिने संसाराला हातभार लावला आणि पतीच्या मागे तीन मुलांचे पालनपोषण केले. त्या हेलन अ‍ॅलिंगहॅम यांची ही हकीगत आहे.

हेलनचा जन्म २६ सप्टेंबर १८४८ रोजी इंग्लंडातील डर्बीशर परगण्यात स्वॉडलिंकोट या गावी झाला. माहेरचे आडनाव पॅटरसन. वडील अलेक्झांडर पॅटरसन हे डॉक्टर होते. हेलन तान्ही असतानाच हे कुटुंब चेशर परगण्यातील ऑल्ट्रिंगम या गावी राहावयास गेले. सात भावंडांत हेलन सर्वांत थोरली. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि चित्रकलेचे वारे त्या घराला आजोळकडून लाभलेले होते. आजी चित्रे काढीत असे आणि मावशी लॉरा हर्फर्ड हिने तर चित्रकलेचाच मार्ग धरलेला होता.

१८६२ मध्ये गावात घटसर्पाची साथ आली. त्या वेळी घटसर्पावर आजच्यासारखी लस नव्हती की औषध नव्हते. डॉक्टर पॅटरसन रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतःच त्या रोगाला बळी पडले आणि हेलनची तीन वर्षांची धाकटी बहीण इझाबेल हीही त्याच साथीत गेली. हेलन तेव्हा तेरा वर्षांची होती. पदरी लहान मुले घेऊन आई बर्मिंगहॅम येथे सासरच्या नातलगांच्या आधाराला गेली. घरातील कर्ता पुरुष अचानक गेला म्हणजे बाईवर काय प्रसंग येतो, हे हेलनने अशा कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले. पुढे सत्तावीस वर्षांनी तोच प्रसंग तिच्यावर आला, तेव्हा तिच्या हातात मात्र एक हुन्नर होता.

त्या हुन्नराची वाट तिच्या मावशीने अगोदर मोकळी करून ठेवली होती, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनची रॉयल अकॅडेमी ही चित्रकारांची सर्वांत मानाची संस्था. १७६८ साली ती स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन व मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. परंतु तिच्या विद्यालयात मात्र मुलींना प्रवेश नव्हता. मुलींना घ्यायचे नाही असा स्पष्ट नियम नव्हता, पण घेत कोणालाच नसत. १८६० मध्ये लॉरा हर्फर्ड हिने प्रवेशासाठी आपले रेखाचित्र पाठवले आणि त्यावर नावाचे केवळ आद्याक्षर व आडनाव घातले. परीक्षकांना चित्र पसंत पडले. चित्रकार पुरुषच असणार असे गृहीत धरून त्यांनी प्रवेशाचे पत्रही पुरुषाच्या नावे धाडले. नंतर उलगडा झाला, पण दिलेला प्रवेश काढून घ्यावा असा नियम कोठे सापडेना! अशा रीतीने दार किलकिले झाले. सात वर्षांनी, १८६७ मध्ये, त्याच दारातून तिची भाची आत गेली.

त्याआधी हेलनने बर्मिंगहॅमच्या चित्रशाळेत शिक्षण घेतले होते. रॉयल अकॅडेमीच्या विद्यालयात आल्यावर तिला मोठमोठ्या चित्रकारांचे मार्गदर्शन मिळू लागले. फ्रेडरिक वॉकर या तरुण चित्रकाराच्या कामाची छाप तिच्यावर विशेष पडली. साध्या खेडुतांची, बागेतील व शेतातील माणसांची चित्रे तो जलरंगांत मोठ्या आस्थेने काढीत असे. विद्यालयात प्रवेश मिळाला तरी मुली व मुलगे यांना सर्वच शिक्षण सारखे नव्हते. माणसाच्या शरीराचा प्रत्यक्ष नमुन्यावरून अभ्यास करण्याचा जो वर्ग, तो मुलींना बंद होता आणि तो पुढे १८९३ पर्यंत बंदच राहिला. त्या अभ्यासावाचून मोठी ऐतिहासिक व पौराणिक चित्रे काढणे अवघड. आणि मोठेपणाचा मान तर अशाच चित्रांना. मोठ्या कलेचा राजरस्ता असा अडवलेला असल्यामुळे पुष्कळ मुली निराश होऊन परत फिरत. हेलनने दुसरी वाट शोधली.

ही वाट होती छापील चित्रांची. त्या काळात इंग्लंडात सचित्र मासिकांचे व साप्ताहिकांचे पेव फुटले होते. फोटो छापण्याची सोय अजून झालेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक चित्र आधी लाकडी ठोकळ्यावर उतरवावे लागे. चित्रकाराने गुळगुळीत केलेल्या ठोकळ्यावर बारीक रेषांनी चित्र काढायचे आणि मग कोरणाऱ्या कारागिराने रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून टाकायचे. छापताना डावे ते उजवे होते, म्हणून ठोकळ्यावर चित्र उलटे काढावे लागे. संपादकाने विषय दिला की ठरलेल्या दिवशी ठोकळा पोहोचलाच पाहिजे. मन लागत नाही ही सबब तेथे चालत नसे. १८६९ च्या सुमारास हेलनने हे काम सुरू केले. त्याच वर्षअखेर लंडनला 'ग्राफिक' हे सचित्र साप्ताहिक निघाले आणि त्याच्या चित्रकारांच्या वर्गात तिला नेमून घेण्यात आले. त्या चित्रकारांत बाई अशी ती एकटीच होती. शिवाय लहान मुलांच्या पुस्तकांसाठीही ती चित्रे काढीत असे. जुलियाना युइंग या लेखिकेच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी तेव्हा घरोघर वाचल्या जात. त्यांतील चित्रे हेलनची होती. जोडीला ती स्लेड चित्रशाळेतील संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागली. तेथे तिची केट ग्रीनअवे हिच्याशी ओळख झाली. मुलांच्या पुस्तकांतील आपल्या गोड चित्रांनी पुढे जगप्रसिद्ध झालेली हीच ती केट. दोघींचा स्नेह केटच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत टिकला.

१८७४ हे वर्ष हेलनच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी 'कॉर्नहिल' मासिकात टॉमस हार्डी यांची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. आज ती इंग्रजी वाङ्मयातील एक अभिजात कृती गणली जाते, पण तेव्हा हार्डी हे फारसे नावाजलेले लेखक नव्हते आणि कादंबरीवर त्यांचे नावही नव्हते. तिच्या बाराही प्रकरण-गुच्छांसाठी पानभर चित्रे काढण्याचे काम सव्वीस वर्षांच्या आतील या मुलीकडे आले. पुढे कितीतरी चित्रकारांनी हार्डींच्या कादंबऱ्या सजवल्या. तरी हेलनइतकी चांगली चित्रे आपल्याला दुसऱ्या कोणी दिली नाहीत, असे हार्डी यांचे मत कायम राहिले. त्याच वर्षी रॉयल अकॅडेमीच्या प्रदर्शनात तिची जलरंगांतील दोन चित्रे लागली व दोन्ही विकली गेली. आणि त्याच वर्षी, २२ ऑगस्ट रोजी, विल्यम अ‍ॅलिंगहॅम यांच्याशी तिचा विवाह झाला.

विल्यम अ‍ॅलिंगहॅम हे आयर्लंडचे कवी. जकात खात्यात पुष्कळ वर्षे नोकरी करून ते आता 'फ्रेझर्स' या मासिकाचे संपादक झाले होते. वयाने ते पन्नाशीचे, म्हणजे वधूच्या जवळजवळ दुप्पट. परंतु वयाचे हे अंतर संसाराला जाचक झालेले दिसत नाही. पत्नीच्या कलेची त्यांना मनापासून कदर होती आणि तिच्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी प्रस्तावना लिहिण्यापर्यंत ते तिच्या कामात रस घेत. त्यांच्या स्नेहमंडळात टेनिसन, ब्राउनिंग, रस्किन आणि कार्लाईल अशी त्या युगातील बडी मंडळी होती. लग्नानंतर हे दांपत्य लंडनमध्ये चेल्सी भागात, कार्लाईल यांच्या घराजवळच राहिले. वृद्ध कार्लाईल हे स्वभावाने मोठे तिखट आणि चित्रकारांपुढे बसून राहण्याचा त्यांना भारी कंटाळा; पण हेलनबाईंपुढे ते बसले आणि त्यांची अनेक चित्रे बाईंनी काढली. त्यांतील एक आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे.

लग्नानंतर हेलनबाईंनी 'ग्राफिक'ची नोकरी सोडली, चित्रकला मात्र सोडली नाही. उलट, संपादकाने नेमून दिलेल्या विषयांतून मोकळ्या झाल्यावर त्यांनी आपले सारे बळ जलरंगांवर एकवटले. १८७५ मध्ये दुकानात खरेदीला आलेल्या लहान मुलींचे त्यांचे चित्र प्रदर्शनात लागले. जॉन रस्किन हे त्या काळचे सर्वांत दरारा असलेले कलासमीक्षक. त्यांच्या एका शब्दाने चित्रकाराचे नशीब उघडे वा मिटे. त्यांनी या चित्राची जाहीर प्रशंसा केली आणि १८८३ मध्ये ऑक्सफर्ड येथील आपल्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान हेलनबाई व केट ग्रीनअवे यांच्या कलेवर दिले. १८७५ मध्येच जलरंग-चित्रकारांच्या जुन्या व नामांकित संस्थेने बाईंना सहसभासद करून घेतले. ही संस्था १८०४ साली स्थापन झालेली. तिच्या प्रदर्शनांत बायकांची चित्रे लागत, पण पूर्ण सभासदत्वाचा हक्क मात्र पुरुषांनाच होता. म्हणजे पंगतीला बसायचे, पण पाटावर नव्हे, असा तो प्रकार. त्याच साली थोरला मुलगा जन्मला, १८७७ मध्ये मुलगी व १८८२ मध्ये धाकटा मुलगा झाला. घरात पाळणा हलत असताना प्रदर्शनांत चित्रेही लागत होती.

१८८१ मध्ये कार्लाईल वारले. लंडनला धरून ठेवणारा धागा तुटला आणि हे कुटुंब सरे परगण्यात विटलीजवळ सँडहिल्स या वाडीला राहावयास गेले. हेलनबाईंच्या कलेला खरा बहर आला तो येथे. ज्या चित्रांनी त्यांचे नाव झाले, ती सारी खेड्यातील जुन्या घरांची चित्रे या काळापासूनची. लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेली बुटकी घरे, त्यांवर गवताचे छप्पर किंवा शेवाळलेली मातीची कौले, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या चौकटाचौकटांच्या काचांच्या लहान खिडक्या, पुढे फुलांनी भरलेले परसू, आणि दारात कडेवर मूल घेऊन उभी असलेली एखादी बाई. त्यांच्या चित्रांत पुरुष अगदी क्वचित दिसतो. दोरीवर धुणे वाळत घालणारी, कोंबड्यांना दाणे टाकणारी, फाटकाशी उभी राहून शेजारणीशी बोलणारी, अशा रोजच्या कामातल्या बायका व त्यांच्या पायांत घोटाळणारी मुले यांनीच ती चित्रे नांदती केली आहेत.

ही घरे रंगवण्यामागे केवळ सौंदर्याची हौस नव्हती. १८५९ मध्ये लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारी आगगाडी या मुलखातून सुरू झाली होती. शहरातील श्रीमंतांना खेड्याची हवा हवीशी वाटू लागली. ते जुनी घरे विकत घेत आणि पाडून टाकीत, नाही तर त्यांची डागडुजी करून रूपच पालटून टाकीत. गवत व कौले जाऊन त्या जागी दगडी पाट्यांची छपरे येत. जुन्या जाळीदार खिडक्या जाऊन मोठ्या सपाट काचा येत. आज बाईंनी चितारलेले घर पुढच्या वर्षी त्या रूपात असेलच याची खात्री नसे. आपल्याकडचे जुने वाडे, त्यांची पडवी, माजघर व तुळशीवृंदावन आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. ते कोणी वेळेवर नीट चितारून ठेवले असते तर किती बरे झाले असते, असे ज्यांना वाटते, त्यांना या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. एखाद्या घराची खिडकी अगोदरच बदललेली असली, तर दुसऱ्या घरच्या जुन्या खिडकीचा अभ्यास करून त्या आपल्या चित्रात ती पूर्ववत बसवीत. १८८६ मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत सरे परगण्यातील घरांच्या साठांवर चित्रांचे त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा विल्यम यांनी प्रस्तावनेत या नाहीशा होत चाललेल्या घरांविषयीच लिहिले होते. प्रदर्शन फार गाजले व पुढल्याच वर्षी दुसरे भरवावे लागले.

त्यांच्या कामाची रीत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक; खालचे सारे वर दिसते. आणि पांढरा रंग म्हणून वेगळा वापरायचा नाही, तर कागदाचा मूळ पांढरेपणाच जपून ठेवायचा, ही या कलेतील शुद्ध परंपरा. आपल्याकडे बांधणीच्या लुगड्यात गाठ मारलेली जागा जशी रंगापासून राखलेली असते, तसेच हे राखणे. आता, फुलांनी गच्च भरलेली बाग अशा रीतीने रंगवायची म्हणजे किती कठीण! प्रत्येक लहान फुलापुरता कागद कोरा राखणे अशक्यच. हेलनबाई आधी पानांचा गर्द हिरवा रंग देत आणि तो वाळल्यावर फुलांच्या जागा त्यातून पुन्हा उघड्या करीत. कधी चाकूच्या टोकाने हलकेच खरडून, कधी ओलसर कुंचल्याने घासून, तर कधी स्पंजाने रंग टिपून त्या कागदाचा उजळपणा परत आणीत व मग त्यावर गुलाबाचा वा लिलीचा फिका रंग चढवीत. कागद फाटू न देता हे करावयाचे म्हणजे हात किती सवयीचा हवा याची कल्पना करावी. लाकडी ठोकळ्यांवर बारीक रेषा काढण्यात घालवलेली ती वर्षे येथे फळाला आली.

त्यांच्या रंगपेटीत अवघे नऊ रंग असत. पाच तऱ्हांचे पिवळे, दोन तांबडे, एक सेपिया म्हणजे गडद तपकिरी, आणि एकच निळा, तो कोबाल्ट. हिरवा रंग त्या पेटीत नव्हताच! इंग्लंडच्या हिरव्यागार रानांची चित्रे काढून नाव मिळवलेल्या या बाईंनी सारा हिरवा रंग त्या एका निळ्यात निरनिराळे पिवळे मिसळून करावा, यातच त्यांच्या दृष्टीची सूक्ष्मता दिसते. तयार हिरवा एकाच छटेचा असतो. पण कोवळ्या गवताचा, कोबीच्या पानाचा आणि जुन्या कुंपणाचा हिरवा हे तीन निराळे हिरवे आहेत. आपल्या स्वयंपाकघरातही चार जिन्नसांत दहा चवी काढणारी सुगरण असते, तिचीच ही जात. शिवाय त्या चित्र घरी बसून आठवणीने काढीत नसत. प्रत्यक्ष त्या घरासमोर, उघड्यावर बसून काम करीत.

१८८८ मध्ये हे कुटुंब पुन्हा लंडनला, हॅम्पस्टेड भागात आले आणि १८ नोव्हेंबर १८८९ रोजी विल्यम अ‍ॅलिंगहॅम वारले. संपादकपद त्यांनी दहा वर्षांपूर्वीच सोडले होते. कवीच्या मागे शिल्लक ती काय असणार? हेलनबाई तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या. थोरला मुलगा चौदाच्या घरात, धाकटा सात वर्षांचा. ऑल्ट्रिंगमला आईवर ओढवलेला प्रसंग आता लेकीपुढे येऊन उभा राहिला. परंतु आईला आप्तांच्या दारी जावे लागले होते. लेकीला तशी वेळ आली नाही. वीस वर्षे ज्या कामाची शिस्त अंगी बाणवली होती, तेच काम पुढे चालू ठेवायचे, एवढेच तिला करावयाचे होते.

आणि त्यांनी ते चालू ठेवले. दुसऱ्याच वर्षी, १८९० मध्ये, जलरंग-चित्रकारांच्या त्या संस्थेने, जी आता 'रॉयल' झाली होती, हेलन अ‍ॅलिंगहॅम यांना पूर्ण सभासद म्हणून निवडले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रॉयल अकॅडेमीला स्थापनेनंतर पुन्हा एका बाईला पूर्ण सभासद करून घ्यावयास १९३६ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. मावशीला नाव झाकून दार उघडावे लागले होते. भाचीचे दार तिच्या नावानेच उघडले.

मुलांचे शिक्षण व घरखर्च यांसाठी आता चित्रे सतत विकली जाणे आवश्यक होते. त्या दरवर्षी ऋतू पाहून खेड्यापाड्यांत जात. सरे तर होतेच, शिवाय केंट, ससेक्स, वाईट बेट असे निरनिराळे प्रदेश त्यांनी धुंडाळले. प्रसिद्ध उद्यानतज्ज्ञ गर्ट्रूड जेकिल यांच्या मन्स्टेड येथील फुलबागेची चित्रेही त्यांनी केली. आज ती बागांचा इतिहास लिहिणारांना उपयोगी पडतात. वर्षानुवर्षे प्रदर्शने होत राहिली, गिऱ्हाईक टिकून राहिले. चित्रांना मागणी का होती हेही उघड आहे. धुराने काळवंडलेल्या शहरात राहणाऱ्या मध्यमवर्गी माणसांना आपल्या आजोळच्या गावाचा एक तुकडा भिंतीवर हवा होता, आणि जलरंगाचे लहान चित्र त्यांच्या ऐपतीत व दिवाणखान्यात बसण्याजोगे होते. १९०३ मध्ये त्यांच्या ऐंशी रंगीत चित्रांसह 'हॅपी इंग्लंड' हे पुस्तक निघाले. मजकूर मार्कस ह्यूश यांचा. रंगीत छपाईची नवी रीत तेव्हा नुकतीच रूढ होत होती, तिच्यामुळे त्यांची चित्रे विकत घेऊ न शकणाऱ्या घरांतही पोहोचली. १९०५ मध्ये कवी टेनिसन यांच्या निवासस्थानांवरचे पुस्तक त्यांनी आपले बंधू आर्थर पॅटरसन यांच्या सहकार्याने सिद्ध केले आणि १९०९ मध्ये इंग्लंडातील खेड्यांतल्या घरांविषयीचे पुस्तक आले. या साऱ्या व्यापात पतीची आठवणही त्यांनी मागे पडू दिली नाही. विल्यम यांची रोजनिशी त्यांनी डॉली रॅडफर्ड यांच्यासह संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. टेनिसन, कार्लाईल आदी थोरांच्या घरगुती बोलण्याचालण्याची इतकी जिवंत माहिती देणारी पुस्तके थोडी. विल्यम यांचे नाव आज जे घेतले जाते, त्यात या रोजनिशीचा वाटा मोठा आहे.

या चित्रांवर टीकाही झाली आहे आणि ती डावलून चालणार नाही. १८७० नंतर इंग्लंडच्या शेतीला वाईट दिवस आले होते; परदेशी स्वस्त धान्यामुळे शेतकरी बुडत होता, मजूर गाव सोडून शहराकडे चालला होता. बाईंनी चितारलेली घरे बाहेरून देखणी, पण आत दमट व अंधारी असत आणि एकेका खोलीत भावंडांची दाटी असे. चित्रांत मात्र ऊन कोवळे, मुलांचे कपडे स्वच्छ, फुले सदा उमललेली. खेड्याचे दुःख या चित्रांत उतरले नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. एक, ज्यांना कोणी चित्रविषय मानीत नव्हते, त्या मजुरांच्या घरांना व त्या घरांतील कष्टकरी बायकांना त्यांनी सरदारांच्या वाड्यांइतक्याच आदराने चितारले. दुसरी, घराच्या बांधणीबाबत त्या इतक्या चोख होत्या की कौल कसे बसे, धुराडे कोठे असे, कुंपण कशाचे असे, हे आजचे अभ्यासक त्यांच्या चित्रांवरून पाहतात. स्वतःचे घर बालपणीच मोडलेले पाहिलेल्या बाईने जन्मभर नांदती घरे रंगवावीत, यात खोटेपणापेक्षा ओढच अधिक होती, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर लोकांची अभिरुची बदलली. नव्या चित्रकारांचे नवे पंथ निघाले आणि जाळीच्या खिडक्यांची घरे जुनाट वाटू लागली. मागणी ओसरली, तरी हेलनबाईंनी कुंचला खाली ठेवला नाही. २८ सप्टेंबर १९२६ रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, सरे परगण्यातच हॅझलमिअर येथे एका स्नेह्यांकडे गेल्या असता त्यांचे देहावसान झाले. ज्या मुलखाने त्यांना नाव दिले, त्याच मुलखात त्यांचा शेवट झाला. पुढे काही दशके त्यांचे नाव मागे पडले. मग पुन्हा लोकांचे लक्ष तिकडे वळले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह हॅम्पस्टेड येथील बर्ग हाऊसमध्ये जपलेला आहे.

हेलन अ‍ॅलिंगहॅम यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजवल्या अशी त्यांची ख्याती नाही. त्यांनी फक्त आपले काम केले; पण ते काम म्हणून केले. ठरल्या वेळी दिले, त्याचे योग्य दाम घेतले, घरात पाळणा असताना केले आणि घरावर आकाश कोसळले तेव्हाही केले. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात, भरतकामात, रांगोळीच्या स्पर्धेत कितीतरी भगिनींच्या हातांतील कसब दरवर्षी दिसते. बक्षीस मिळते, टाळ्या होतात, आणि ते कसब पुन्हा पुढच्या वर्षापर्यंत पेटीत जाते. ते पेटीत ठेवण्याऐवजी नेमाने, मोबदला घेऊन, उद्योग म्हणून चालवता येते. संकट आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा बऱ्या दिवसांतच ते हाताला वळण लावून ठेवावे, हे या बाईंच्या चरित्रातून घ्यावयाचे. नऊ रंगांच्या एका पेटीवर एक संसार उभा राहिला. आपल्या घरातील मुलगी उद्या असा काही मार्ग धरू लागली, तर निदान आपल्या कपाळाला आठी पडू नये.